शब्द आला, चहा नाही आला

नाही, नाही, नाही! मला नको चहा. तुम्ही घ्या, अगदी सुखाने घ्या, बशीत ओतून फुर्र करून घ्या, माझी काही हरकत नाही… फक्त पिता पिता कुणी मला असं विचारू नका की बुवा, हा ‘चहा’ शब्द आला कुठून? कारण मला माहीत आहे! हो! मला! ज्या माणसाने आयुष्यभर लोकांच्या विजारी लांब केल्या आणि आखूड केल्या, त्या माणसाला चहाचं सगळं खानदान तोंडपाठ आहे. कुठल्या बंदरातून निघाला, कुठल्या जहाजात बसला, कोण त्याला ‘टे’ म्हणालं, कोण ‘चा’ म्हणालं… झोपेतून उठवून विचारा, सांगतो! आणि हे ज्ञान मला कसं मिळालं? कोरड्या घशाने! पोटात एक घोट नसताना! सबंध दुपार बसून! शब्द आला हो… चहा नाही आला!

थांबा, पहिल्यापासून सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल शिंपी चळला.

आमची मुलगी इस्पितळात औषधांच्या खिडकीवर बसते. हुशार आहे, आईवर गेलीय. तर ही एकदा इस्पितळाच्या लिफ्टमध्ये अडकली. दोन मजल्यांच्या मध्ये, अंधारात, हातात औषधांची टोपली. बराच वेळ बोंबाबोंब झाल्यावर वरून दार फाकलं आणि एक तोंड दिसलं, ग्रीसने माखलेलं. लिफ्ट दुरुस्त करणारा मुलगा. तो काय म्हणाला? ‘घाबरू नका, मी आहे.’ बास! एवढंच वाक्य! लिफ्टमधून सुटली ती या वाक्यात अडकली! आता मला सांगा, मी हिच्या आईला इतकी वर्षं सांगतोय, ‘अगं मी आहे ना’, तर ती काय म्हणते? ‘दिसतंय मला. जरा बाजूला व्हा, केर काढायचाय.’

असो. मुलगा चांगला होता. मी चोरून बघून आलो होतो. शिंप्याला माणूस बघायला फार वेळ लागत नाही, खांदा बघायचा. खांदा सरळ, मान खाली नाही, वर नाही. मी घरी येऊन म्हटलं, मापात आहे. मग ठरलं की आम्ही त्याच्या घरी जायचं, वडिलांना भेटायचं. घरात वडील आणि मुलगा, दोघंच. आई गेल्याला वर्ष झालेलं. वडील शब्दकोशाच्या कचेरीत होते, आता निवृत्त. मी मुलीला विचारलं, ‘शब्दकोशाच्या कचेरीत म्हणजे काय करायचे ग?’ म्हणाली, ‘बाबा, ते शब्दांचे अर्थ लिहायचे. कुठला शब्द कुठून आला ते शोधायचे.’ मी म्हटलं, ‘का? हरवले होते?’ तर आमची बायको लगेच, ‘हे! हे असलं काही तिथे बोलायचं नाही!’

आणि मग सूचना सुरू झाल्या. तुम्हाला सांगतो, लढाईला निघालेल्या सैन्याला एवढ्या सूचना देत नसतील. ‘अहो, पाय पसरून बसायचं नाही. अहो, त्यांच्या शर्टाची शिवण बघायची नाही. अहो, कुणी शिवला म्हणून विचारायचं नाही. मोठी विद्वान माणसं आहेत, ते बोलतील ते ऐकायचं, मध्ये तोंड घालायचं नाही. आणि मुख्य म्हणजे घरून चहा पिऊन यायचं नाही!’

मी म्हटलं, ‘ते का?’

‘का म्हणजे? त्यांच्याकडे चहा होणार. तुम्ही तिथे नको म्हणालात तर त्यांना वाईट वाटेल. बाई नसलेलं घर आहे, बिचाऱ्यांनी काहीतरी खटपट केली असेल. कोरडं यायचं!’

आता माझं असं आहे… दुपारची डुलकी झाली की मला चहा लागतो. लागतो म्हणजे लागतोच. नाही मिळाला तर आधी उजवं कानशील धरतं, मग डावं, मग डोळ्यांमागे कुणीतरी शिवणयंत्र चालवतंय असं वाटतं, आणि मग मी माणसात राहत नाही. आमच्या दुकानात कारागिरांना ठाऊक आहे, मालकांचा चहा झाल्याशिवाय पगारवाढीचं सोडा, सुईसुद्धा मागायची नाही. अशा माणसाला कोरडं नेलं हिने. कोरडं! भर दुपारी! इस्त्रीच्या सदऱ्यात!

गेलो. दुसरा मजला. बेल वाजवली. दार उघडलं कोशकारांनी. उंच, किडकिडीत, चष्मा, आणि… मी बघणार नव्हतो हो, देवाशपथ बघणार नव्हतो, पण डोळे जातातच… पांढरा शर्ट, आणि वरून तिसरं बटण निळ्या दोऱ्याने लावलेलं. उलटसुलट टाके, दोऱ्याचं टोक बाहेर लोंबतंय. स्वतःच लावलेलं. मला कळलं, या घरात सुई आता कुणाच्या हातात आहे.

‘या, या, या! बसा, बसा! चिरंजीवांना अचानक जावं लागलं, कुणीतरी लिफ्टमध्ये अडकलंय. येईलच. आणि चहा… चहा येतोच आहे!’

येतोच आहे! ऐकलंत? मी त्या वाक्यावर विसंबून बसलो. छान खोली होती. भिंतभर पुस्तकं, एक पलंग, चार खुर्च्या आणि समोर स्वयंपाकघराचं दार, त्याला पडदा. फुलांचा. मी पडद्याकडे तोंड करूनच खुर्ची धरली. म्हटलं, ट्रे आला की पहिला हात आपला.

आणि कोशकारांनी चष्मा पुसला. घसा साफ केला. म्हणाले, ‘चहावरून आठवलं. तुम्हाला ठाऊक आहे का, ‘चहा’ हा शब्द मुळात कुठला?’

मी म्हटलं, ‘वाण्याकडचा.’

बायकोने असा चिमटा काढला… अजून वळ आहे, दाखवू? पण कोशकार हसले. गोड हसले. मग डोळे मिटले आणि म्हणाले, ‘मुळात…’

हा ‘मुळात’ लक्षात ठेवा. हा मला स्वप्नात येतो.

‘मुळात… चीनमध्ये कडू पाल्याला एक अक्षर होतं. त्या अक्षरातली एक रेघ गळली आणि उरलं ते अक्षर चहाचं झालं. कडूपणातून एक रेघ कमी, की चहा!’ आमची बायको म्हणाली, ‘अय्या!’ मुलगी म्हणाली, ‘किती छान!’ मी पडद्याकडे बघत होतो. ‘अक्षर एकच, पण बोलायच्या तऱ्हा दोन. एका किनाऱ्यावरची माणसं त्याला म्हणायची ‘टे’. बाकी बहुतेक सगळे म्हणायचे ‘छा’. मग त्या किनाऱ्यावरून डच लोकांनी जहाजं भरभरून ‘टे’ नेला, म्हणून त्या बाजूच्या लोकांच्या तोंडी ‘टी’. पोर्तुगीजांनी दुसऱ्या बंदरातून माल उचलला, त्यांच्या तोंडी ‘चा’. आणि जो जमिनीवरून गेला, उंटांवरून, घोड्यांवरून, डोंगर ओलांडत, तो झाला ‘चाय’. पाण्यावरून गेला तो टी, जमिनीवरून गेला तो चाय! म्हणजे बघा, कोण त्याला काय म्हणतं त्यावरून कळतं की त्यांच्याकडे तो कुठल्या वाटेने आला! आणि असा समुद्र ओलांडत, डोंगर ओलांडत, तोंडं बदलत बदलत तो शब्द अखेर… आपल्या घरात येतो!’

असं म्हणून त्यांनी हात केला पडद्याकडे.

आम्ही सगळे बघायला लागलो पडद्याकडे. पडदा हलला! मी अर्धा उठलो सुद्धा… पंख्याने हलला होता.

कोशकार जरा वेळ तसेच बघत राहिले. हात हवेत. मग हात खाली घेतला, मांडीवर ठेवला. खोकले. म्हणाले, ‘हं… तर मुळात…’

परत चीन! तुम्हाला सांगतो, परत चीन! आत्ता आम्ही चीन सोडलं होतं, मी माझ्या कानाने ऐकलं होतं, जहाज निघालं, उंट निघाले, घरात पोचलो… आणि परत कडू पाला! परत ती रेघ! शब्द आला हो… चहा नाही आला!

या फेरीत उजवं कानशील धरलं. शेजारच्या घरात कुणीतरी चहा ठेवला होता. खिडकीतून वास! आधी पाण्याला उकळी आल्याचा आवाज, मग पत्तीचा वास, मग दूध… भांड्यावर चमचा आपटल्याचा टण आवाज! इकडे कोशकार सांगताहेत, ‘रशियन लोक चाय म्हणतात, तुर्की लोकही तसंच म्हणतात,’ आणि मी मनात म्हणतोय, म्हणोत बापडे, त्यांना मिळाला तरी! शेजारच्याला मिळाला! साऱ्या जगाला मिळाला! खलाशांना मिळाला, उंटवाल्यांना मिळाला, मी काय घोडं मारलंय?

बायको दात न उघडता बोलते, हे तुम्ही कधी बघितलंय? ओठ हसरे, आवाज दातांतून. ‘अहो, कपाळ चोळू नका.’ मी म्हटलं, ‘दुखतंय.’ ‘दुखू दे. हसा.’ मी हसलो. कोशकारांना वाटलं मला गोडी लागली, त्यांनी आणखी एक जहाज सोडलं.

‘…तोंडं बदलत बदलत तो शब्द अखेर आपल्या घरात येतो!’ हात पडद्याकडे. सगळे पडद्याकडे. पंखा. खोकला. ‘हं… तर मुळात…’

आता तुम्ही म्हणाल, आत जाऊन कुणी चहा का टाकला नाही? अहो, माझी मुलगी उठत होती की! तिच्या आईने मनगट धरून बसवली. ‘पहिल्या भेटीत कुणाच्या स्वयंपाकघरात शिरायचं नसतं. त्यांनी सांगितलंय येतोय म्हणून. त्यांचा अपमान होईल.’ बरं, आत कोण आहे हेच कळेना. कामाला बाई असेल? मग ती करतेय काय? पत्ती आणायला चीनला गेली?

आणि मग माझ्या डोक्यात किडा वळवळला. डोकं दुखायला लागलं की असलेच किडे येतात. आमच्या धंद्यात काय आहे, गिऱ्हाईक घ्यायचं असलं तर आधी चहा सांगतो, मग टेप काढतो. आणि काम घ्यायचं नसलं, कापड सडकं असलं, माणूस कटकट्या असला, तर चहा सांगत नाही. नुसतं गोड बोलतो. वा, कापड काय सुंदर आहे, कुठून घेतलंत… बोलत राहायचं, बोलत राहायचं, गिऱ्हाईक समजून उठतं. मी म्हटलं, अरे! म्हणजे हे आपल्याला उठवताहेत! शिंप्याची पोर नको आहे यांना! तोंडाने सांगायचं नाही म्हणून चीन काढलंय!

आणि मला वाटलं ते वाटलं, बायकोलाही तेच वाटत होतं. तिचं हसू गेलं. माझ्या कानाशी येऊन, या खेपेला दात उघडून, म्हणाली, ‘अहो… त्यांना पसंत नाही वाटतं आपण.’

ते मुलीने ऐकलं. मी तिच्याकडे बघितलं. सकाळपासून केस तीनदा विंचरले होते पोरीने, स्वतः शिवलेला नवा कुडता घातला होता, मला सुद्धा हात लावू दिला नव्हता त्याला. ती मांडीवर त्या कुडत्याची कड मुरगाळत होती. मुरगाळतेय, सोडतेय, मुरगाळतेय… आणि डोळे पडद्यावर. भरलेले. अहो, एवढ्याशा चहासाठी माझ्या पोरीच्या डोळ्यांत पाणी! तिथे माझं दुसरंही कानशील गेलं आणि यंत्र सुरू झालं… खडखडखडखड!

उठलो मी. उठलो! कोशकार रशियात होते, त्यांना तिथेच सोडलं. तोंडात वाक्य तयार होतं: ‘बरं, येतो आम्ही. शब्द पोचला, आभारी आहोत.’ तयार होतं! जिभेच्या टोकावर! ते बाहेर पडलं असतं तर संपलंच होतं सगळं. आणि मुलीने माझ्याकडे बघितलं. तुम्हाला लेकी आहेत? मग ती नजर मी सांगायला नको. नुसती मान एवढी… एवढीशी हलवली. नाही बाबा.

गिळलं वाक्य. कोरड्या घशाने वाक्य गिळणं किती अवघड असतं, कधी करून बघा! आणि म्हटलं, ‘हात… हात धुवायचे होते.’

‘हो, हो, आत मोरी आहे!’ कोशकार म्हणाले, आणि बायकोकडे वळून, ‘तर उंटावरून…’

मी पडदा बाजूला केला. आत गेलो. आणि काय बघतो?

कुणी नाही!

स्वयंपाकघर लख्ख. ओट्यावर ट्रे. ट्रेमध्ये कप, बशा, कपांचे कान सगळे एका बाजूला. आणि शेगडीवर पातेलं, वर ताटली झाकलेली. उचलली ताटली. आत पाणी, पाण्यात पत्ती, पत्तीत साखर, साखरेत दूध… सगळं एकदम! गार! शेगडी गार! सकाळीच घालून ठेवलेलं असणार, वर साय धरली होती, तिच्यावर पत्ती पसरली होती. चहा या शब्दाचं सगळं ठाऊक असलेल्या माणसाने तयारी इतकी केली, इतकी केली… आणि खाली विस्तव पेटवायचा राहिला!

मी ते पातेलं हातात घेऊन उभा, तेवढ्यात मागच्या जिन्याचं दार उघडलं आणि मुलगा आत आला. ग्रीसने माखलेला, धापा टाकत. मला बघितलं, पातेलं बघितलं, बाहेरून आवाज येतोय, ‘…आपल्या घरात येतो!’ आणि त्याने मटकन स्टुलावर बूड टेकलं.

‘कितवी वेळ?’ म्हणाला.

मी म्हटलं, ‘आत्ताच चीन सोडलंय.’

‘काका, माफ करा. मी म्हणत होतो मी करून ठेवतो, थर्मासमध्ये भरतो. ऐकेनात. म्हणाले, सूनबाईकडचे येणार, त्यांना चहा मीच देणार. तू जा लिफ्टवर.’ मग हळूच म्हणाला, ‘त्यांना सवय आहे हो. पाहुणे आले की बाबा बाहेर हे सुरू करायचे आणि आई आत चहा ठेवायची. तिला ऐकून ऐकून पाठ होतं. जहाज म्हणाले की पत्ती, उंट म्हणाले की दूध. आणि ‘आपल्या घरात येतो’ म्हणाले की ही पडदा सारून ट्रे घेऊन हजर. ‘पुरे आता, गार होतोय,’ म्हणायची. सगळे हसायचे. बाबाही. तिथे संपायचं ते. कायम तिथेच संपलंय… आता कुणी येत नाही, म्हणून ते परत पहिल्यापासून सुरू करतात. जेवताना सुद्धा. मी ऐकतो. माझी रात्रपाळी असली की एकटेच…’

हाताचं ग्रीस बघत बसला. म्हणाला, ‘तुमच्या लेकीला मी सांगितलंय, आपल्याला तिकडे इस्पितळाजवळ खोली मिळतेय, पण मी नाही येऊ शकणार. बाबांना सोडून कसा येऊ? त्यांना थांबवणार कोण?’

मला वाईट वाटलं. सरळ सांगतो, फार वाईट वाटलं. मघाशी मी या माणसाला काय काय समजलो होतो! तो बिचारा दर खेपेला हात करून वाट बघत होता. आमच्यासारखीच. पडद्याकडे बघणारे आम्ही चौघं, पण आम्ही ट्रेची वाट बघत होतो, आणि तो…

जाऊ दे. मी म्हटलं, ‘ऊठ. हात धू. आणि काडेपेटी कुठाय?’

ते पातेलं मोरीत उपडं केलं. घासलं. नवं पाणी ठेवलं. बाहेर पुन्हा चीनपासून सुरू झालेलं, बायकोचं ‘अय्या’ आता थकलं होतं, नुसतं ‘अं’ ऐकू येत होतं. आणि मी काय करतोय, ठाऊक आहे? ऐकतोय! कान देऊन! रेघ गळली… पाण्याला उकळी. जहाज… टाकली पत्ती! पोर्तुगीज… साखर! उंट… दूध! अहो, बरोबर बसतं! माप घेऊन शिवल्यासारखं बसतं! त्या बाईने काय मापात पकडलं होतं नवऱ्याचं बोलणं! मुलगा गाळणं धरून उभा, मी ओततोय, आणि बाहेर, ‘तोंडं बदलत बदलत…’

ट्रे उचलला. अर्ध्या बाह्या भिजलेल्या, मिशीला घाम, पोट पुढे… तिथून कोण यायला हवं होतं आणि कोण निघालं! पण आता मागे कुठे फिरता?

‘…तो शब्द अखेर आपल्या घरात येतो!’

पडदा सारला. म्हटलं, ‘पुरे आता. गार होतोय.’

यंत्रावरचा पाय उचलला की सुई जिथल्या तिथे थांबते ना, तसे थांबले. तोंड उघडं, हात हवेत. माझ्याकडे बघत राहिले. मग ट्रेकडे. मग परत माझ्याकडे. आमची बायको श्वास रोखून. मुलगी उभी राहिलेली. मला वाटलं, संपलं, आपण भलतंच काहीतरी केलं, जिथे पाय ठेवायचा नव्हता तिथे बुटांसकट गेलो.

त्यांनी हात खाली घेतला. कप उचलला. दोन्ही हातांनी. एक घोट घेतला, डोळे मिटले. मी विचारलं, ‘साखर… कमी झालीय का?’

‘नाही, नाही.’ म्हणाले. ‘व्यवस्थित आहे.’ मग चष्मा काढून, ‘ती फार कमी घालायची हो. मी कधी बोललो नाही.’

आणि हसले. हसता हसता चष्मा पुसायला लागले, मग चष्मा ठेवून डोळेच पुसायला लागले. मुलगी त्यांच्या खुर्चीशी जाऊन खाली बसली. मुलगा पडद्यात उभा. आमची बायको पदराने नाक पुसतेय. आणि मी? मी चहा प्यालो! गटागटा! जीभ भाजली तरी थांबलो नाही!

जरा वेळाने मी त्यांना म्हटलं, ‘आता तब्येतीत सांगा. घरात आल्यावर त्या शब्दाचं पुढे काय होतं?’

कोशकार गोंधळले. शोधायला लागले. मग खाली मान घालून म्हणाले, ‘पुढचं मला नाही ठाऊक. तिथवर आलं की चहा यायचा. मग शब्दाचं कोण बघतो?’

मग काय विचारता! मी गहिवरलो, आणि गहिवरलेल्या माणसाने तोंड उघडू नये. मी उघडलं. मुलाच्या पाठीवर थाप मारून म्हटलं, ‘तू खुशाल इस्पितळाजवळ खोली घे. तुझ्या बाबांना थांबवायला मी आहे ना!’ बायको माझ्याकडे बघतच राहिली. इतक्या वर्षांत माझं ‘मी आहे’ पहिल्यांदा कुणीतरी मनावर घेतलं होतं… पण कुणी? व्याह्यांनी!

लग्न झालं. दोघं तिकडे छान राहताहेत. आणि इकडे मी! रोज दुपारी दुकानाचं अर्धं शटर ओढतो आणि जातो. बायको मागून ओरडते, ‘अहो, निघा! ते जहाजापर्यंत पोचले असतील, पत्ती राहील!’ लोकांच्या लेकी सासरी जाऊन चहा करतात. माझी लेक मजेत नांदतेय, आणि तिच्या सासऱ्याला चहा करून घालतो कोण? मी! सासुरवास मला लागलाय! बरं, मध्ये कामं पण असतात, त्यांच्या शर्टांची बटणं मीच लावतो आता, तो निळा दोरा मी आधी उसवला. आणि एक दिवस उशीर झाला तर सांगतो तुम्हाला, पडद्याच्या अलीकडे एकटेच बसलेले होते, समोर कुणी नाही, आणि चौथ्यांदा उंटावर चढलेले. मला बघून असे उजळले… मग पुन्हा उशीर करवत नाही हो.

म्हणून म्हटलं, मला चहा नको. आत्ता तिकडेच निघालोय. इथे प्यालो आणि तिथे नको म्हणालो, तर त्यांना वाईट वाटेल. कोरडंच जायचं!

तसं माझं काही म्हणणं नाही. चाललं होतं ते बरं चाललं होतं. मापात बसलं होतं सगळं. पण काल कप खाली ठेवून म्हणाले, ‘तुम्हाला आता चहाचं सगळं पाठ झालं. उद्यापासून आपण ‘कॉफी’ घेऊ. फार लांबून आलेला शब्द आहे!’

शब्द येईल हो! वाटेल तेवढ्या लांबून येईल, वाळवंटातून येईल, जहाजातून येईल, थेट घरात येईल… आणि ते हात करतील पडद्याकडे… आणि पडद्यामागे मी!

तुमच्यापैकी कुणाला कॉफी करता येते का हो?